उगम आणि सांठा

नीतिशास्त्राचे प्रश्न पोथ्यांत जन्मतात आणि पंडितांच्या वादांत वाढतात, असा आपल्याकडे एक समज रूढ आहे. वस्तुतः त्यांतले पुष्कळसे प्रश्न कारखान्यांत, स्वयंपाकघरांत आणि रस्त्यावर निर्माण होतात. पोथी त्यांना फक्त नांव देते. आज आम्ही वाचकांपुढें जो प्रश्न मांडणार आहों तो एका जुन्या मोटारीच्या पोटांतून निघालेला आहे. प्रश्न असा: फोर्ड कंपनीच्या 'टी' नांवाच्या मोटारींत विजेसाठीं जो मॅग्नेटो असतो, त्यावरून बॅटरी भरून घ्यावी कीं नाहीं? वाचक म्हणतील, हें एखाद्या मिस्त्रीला विचारा, मासिकाच्या पानांत याचें काय काम? आमचें उत्तर असें कीं, 'भरतां येईल काय' हा प्रश्न मिस्त्रीचा आहे. 'भरावी काय' हा मिस्त्रीचा नव्हे. आणि हा दुसरा प्रश्न नीट उलगडूं गेल्यास, मनुष्यानें संचय करावा कीं करूं नये, आणि केल्यास कोणत्या अटीवर करावा, या फार जुन्या वादाचा एक धागा हातीं लागतो.

या मोटारीचा आणि पनवेलचा संबंध प्रथम सांगितला पाहिजे. मुंबई आणि पुणें यांमधील रहदारीचें पनवेल हें फार दिवसांचें नाकें. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, बोर घाटांतून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून खाडीच्या वाटेनें पनवेल बंदरास उतरावें आणि तेथून गाडीनें घाट गांठावा, असा तेव्हांचा क्रम होता. बैलगाडीच्या चाकांसाठीं या गांवाची ख्याति होती आणि सरकारी गॅझेटियरांतहि तिची नोंद झालेली आहे. पुढें १८६३ मध्यें घाटांतून आगगाडी धांवूं लागली ती पनवेलला वगळून, कर्जतवरून; आणि गांव बाजूला पडलें. त्याला पुन्हां हमरस्त्यावर आणलें तें मोटारीनें. १९७३ मध्यें वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईची मोटार ठाणें, मुंब्रा, शीळ असा वळसा घेऊन पनवेलला येई आणि पळस्पें, चौक, खालापूर, खोपोली करीत घाटाला लागे. 'टी' फोर्ड १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, आणि तिची एकूण संख्या दीड कोटींच्या घरांत गेली. ती हिंदुस्थानांतहि आली. १९२६ मध्यें तर फोर्डची हिंदी शाखाच मुंबईस स्थापन झाली. त्या गाड्यांपैकीं एक पनवेलांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं तीन पिढ्या आहे. ती शोभेसाठीं ठेवलेली नाहीं. वर्षांतून कांहीं वेळां ती जुन्या पुणें रस्त्यानें खालापूरपर्यंत जाते आणि परत येते. शेजारीं २००२ पासून पुरा झालेला द्रुतगति मार्ग आहे, परंतु तेथें या बिचारीला कोण विचारतो?

तिची रचना थोडक्यांत सांगतों. इंजिनाच्या मागच्या अंगास जें जड चक्र असतें, ज्याला मिस्त्री लोक फ्लायव्हील म्हणतात, त्याच्या पृष्ठावर सोळा लोहचुंबक बसविलेले आहेत. त्यांच्यासमोर, इंचाचा सुमारें बत्तिसावा भाग एवढेंच अंतर ठेवून, तांब्याच्या तारेचीं सोळा वेटोळीं एका स्थिर कड्यावर जखडलेलीं आहेत. चक्र फिरलें कीं चुंबक वेटोळ्यांसमोरून जातात आणि तारेंत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ मध्यें प्रयोगानें जें दाखविलें त्याहून यांत एक अक्षरहि जास्त नाहीं. ही वीज एकाच दिशेनें वाहत नाहीं. चक्राच्या एका फेऱ्यांत ती सोळा वेळां उलटते. ती चालकासमोरच्या पेटींतील चार कॉइलींकडे जाते, तिची ठिणगी होते, ठिणगी पेट्रोल पेटविते, पेट्रोल चक्र फिरवितें, आणि चक्र पुन्हां वीज करतें. या वर्तुळांत बाहेरून काय येतें? केवळ पेट्रोल. बॅटरी नाहीं, तींत पाणी घालण्याची उस्तवारी नाहीं, सकाळीं ती उतरलेली सांपडण्याची भीति नाहीं. हँडल मारण्याचें बळ मनगटांत असलें म्हणजे झालें. पुष्कळ लोक सुरुवात सोपी व्हावी म्हणून एखादी लहान बॅटरी जवळ बाळगीत, आणि इंजिन लागलें कीं खटका फिरवून मॅग्नेटोवर येत. पण ती सोय होती, गरज नव्हे.

१९१५ पासून पुढचे दिवेहि याच विजेवर लागूं लागले, आणि एक गंमत झाली. दिव्याचा उजेड गाडीच्या नव्हे, तर इंजिनाच्या वेगावर अवलंबून राहूं लागला. बाजारपेठेंतून सावकाश जातांना दिवा मिणमिणे. घाट चढतांना, खालच्या गिअरमध्यें इंजिन आक्रोश करीत असतांना, गाडी बैलाच्या चालीनें जात असली तरी दिवा लखलखे. आणि इंजिन थांबलें कीं मिट्ट काळोख.

नीतिवाद्याला मोह पडावा असें यांत बरेंच आहे. जेवढे श्रम तेवढें तेज, आणि उद्यासाठीं गांठीला कांहीं नाहीं: अपरिग्रहाचें याहून बोलकें चित्र कोठें मिळणार? पतंजलीनें अपरिग्रह यमांत गणला. पनवेलपासून फार दूर नसलेल्या, पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ मध्यें जन्मलेल्या विनोबांनीं पुढें पवनारला कांचनमुक्तीचा जो प्रयोग केला, त्याच्या मुळाशींहि हीच श्रद्धा होती. आम्हांस या श्रद्धेविषयीं आदर आहे. शिवाय आपल्या तत्त्वज्ञांना चुंबकाचें आकर्षण फार जुनें. सांख्यांनीं पुरुष आणि प्रकृति यांचा संबंध समजावून देण्यासाठीं अयस्कांत मण्याचा दृष्टांत घेतला: मणि स्वतः कांहीं करीत नाहीं, त्याच्या नुसत्या सान्निध्यानें लोखंड हलतें, तद्वत् पुरुष अकर्ता असूनहि त्याच्या सान्निध्यानें प्रकृतीची प्रवृत्ति होते. मॅग्नेटो पाहून सांख्य प्रसन्न झाले असते. कारण दिवा लागतो म्हणून त्यांतला चुंबक खर्ची पडत नाहीं. जितकी वीज ओढावी तितका चक्राला अडथळा होतो, हा लेन्झचा नियम. म्हणजे किंमत भरतें तें पेट्रोल, चुंबक निमित्तमात्र.

परंतु याच दृष्टांतावर शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत जो आक्षेप घेतला आहे, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्याचा आशय असा कीं, पुरुषाचें सान्निध्य नित्य असेल तर प्रवृत्तीहि नित्यच व्हावयास हवी. आणि चुंबकाचें म्हणाल, तर त्याचें सान्निध्य नित्य नसतें, तें घडावें लागतें, शिवाय चुंबकाला घासणें-पुसणें वगैरे लागतें. घासणें-पुसणें! एका संन्याशानें चुंबकाविषयीं हें लिहावें याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. जुनी फोर्ड बाळगणाऱ्या कोणालाहि त्याचें मर्म तत्काळ कळेल. मॅग्नेटोची वीज बाहेर येते ती गिअरपेटीच्या झांकणावरील एका लहानशा खुंटीवाटे. तेलांतून आलेला एखादा चिंधीचा धागा किंवा धातूचा कीस तिच्याखालीं अडकला, कीं सोळाहि चुंबक शाबूत असून गाडी मुकी होते. निदान दृष्टांतापुरतें एवढें खरें, कीं कोणाच्याहि हातावांचून, कोणत्याहि निगेवांचून देत राहणारा उगम जगांत नाहीं. जो मनुष्य 'मी कांहीं सांठवीत नाहीं' म्हणून अभिमान बाळगतो, त्याच्या मागें कोणी तरी घासणारा-पुसणारा असतो. बहुधा ती त्याची बायको असते.

आमच्या स्नेह्यांनीं प्रश्न काढला तो वेदांतामुळें नव्हे. ते म्हणाले, "सर, गाडी चालती असते तेव्हां मला कसलीच अडचण नाहीं. बंद पडते तेव्हां काय? पळस्प्याच्या पुढें रात्रीं आठ वाजतां इंजिन बसलें, तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मी दिसणार कसा?"

या एका वाक्यानें सबंध वादाचें तोंड फिरतें, असें आमचें मत आहे. मॅग्नेटोच्या गाडीचा दोष असा नाहीं कीं ती गरीब आहे; दोष असा कीं, ती ज्या क्षणीं थांबते त्याच क्षणीं अंधारांत जाते, आणि नेमकी त्याच क्षणीं तिला इतरांनीं पाहणें आवश्यक असतें. चालत्या गाडीचा दिवा मुख्यतः तिच्या मालकासाठीं असतो. थांबलेल्या गाडीचा तांबडा दिवा परक्यासाठीं. असंग्रहाचा उपदेश करणारे लेखक बहुतेक नेहमीं चालत्या गाडीचा विचार करतात. हातपाय चालत आहेत, रोज मिळवावें, रोज खावें, हें छानच. पण मनुष्य आजारी पडतो, म्हातारा होतो, त्याचें काम सुटतें. त्या वेळीं ज्याच्यापाशीं कांहींच शिल्लक नाहीं, तो नुसता स्वतः अंधारांत बसत नाहीं. त्याच्यावर येऊन आदळणारे त्याचींच मुलें आणि त्याचेच शेजारी असतात. येथें संचय ही चैन राहत नाहीं, तें ऋण होतें. संचयाचें समर्थन 'माझें पुढें कसें होईल' या भीतींतून करण्याची आपली रीत आहे. तें 'माझ्या थांबण्यानें दुसऱ्याला अपघात होऊं नये' या विचारांतून करणें आम्हांस अधिक स्वच्छ वाटतें. भीतीला अंत नसतो, म्हणून भीतीनें केलेल्या संचयालाहि अंत नसतो. मागच्या दिव्याला किती वीज लागते हें मात्र मोजतां येतें.

लॉकनें मालमत्तेला मर्यादा घातली होती ती वस्तूंच्या नासण्याची: जें वापरण्यापूर्वीं कुजेल तें आपलें म्हणूं नये. नाणें कुजत नाहीं, म्हणून नाण्यानें ती मर्यादा उठविली, हें त्यानें स्वतःच कबूल केलें. या बाबतींत बॅटरी नाण्याहून प्रामाणिक आहे. प्लान्तेनें १८५९ मध्यें शिशाच्या पत्र्यांची जी संचायक पेटी केली, तिच्या वंशांतल्या आजच्या पेट्याहि भरून नुसत्या ठेवल्या तर आपोआप उतरतात, आणि उतरलेल्या तशाच ठेवल्या तर शिशावर एक पांढरी खपली धरून मरतात. न वापरलेला सांठा स्वतःलाच खातो. पैशाच्या बाबतींत हें घडायला मध्यें दुसरा मनुष्य लागतो. पनवेलांतल्याच एका नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें २०२१ मध्यें रद्द केला. जन्मभर पैपै सांठविणाऱ्यांना त्या दिवसांत जें भोगावें लागलें, त्यावर लॉकला एखादें प्रकरण वाढवावें लागलें असतें.

तर बॅटरी भरावी. पण येथें पहिला मिस्त्री हात धरतो. जुन्या फोर्डच्या बाबतींत सर्व जाणत्या मिस्त्र्यांची एक ताकीद असते: वाटेल तें करा, बॅटरीची तार मॅग्नेटोच्या खुंटीला लागूं देऊं नका. कारण बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेचा आणि स्थिर. तो उलट वाटेनें वेटोळ्यांत शिरला, कीं वेटोळीं स्वतःच विद्युच्चुंबक बनतात, आणि समोर जे कायमचे चुंबक उभे असतील त्यांचें बल हरण करतात. क्षणभराच्या चुकीनें वर्षानुवर्षें टिकलेलें तेज क्षीण होतें. म्हणजे ज्या उगमानें सांठा भरावयाचा, तो सांठाच उलटून उगमाला निर्बल करतो. आमच्या मतें संचयाच्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. किती सांठवावें, हा प्रश्न दुय्यम. सांठा कोणीकडे वाहतो, हा मुख्य.

याचीं उदाहरणें पनवेलच्या माणसाला दूर शोधावीं लागत नाहींत. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठीं या भागांतील भातशेती, मिठागरें, गांवठाणांभोवतींच्या जमिनी घेतल्या गेल्या. शेत हा उगम. नुकसानभरपाई हा सांठा. शेत दर वर्षीं थोडेंच देई, पण देत राही. रोख रक्कम एकदांच आली, आणि ज्या घरांत ती आली त्या घराला पुन्हां भरून देणारें कांहीं मागें उरलें नाहीं. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जण प्राणास मुकले. या लढ्यांतून पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ती पुरेशी होती काय, वेळेवर मिळाली काय, हे वाद अजून मिटलेले नाहींत आणि तो आमचा आजचा विषय नव्हे. आमचें लक्ष वेधून घेतें तें एवढेंच, कीं शेतकऱ्यांचें म्हणणें नुसतें 'रक्कम वाढवा' असें नव्हतें. जमिनीबद्दल जमीन, म्हणजे सांठ्याऐवजीं उगम, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. २०२५ च्या डिसेंबरांत याच भूमीवरून विमानें उडूं लागलीं. ज्या घरांनीं त्या रकमेंतून दुकान काढलें, टेम्पो घेतला, मुलीला परिचारिकेचें शिक्षण दिलें, त्यांनीं सांठ्याचा पुन्हां उगम केला. ज्या घरांत नुसत्या मोटारी आल्या, तेथें काय झालें हें पनवेलांत कोणालाहि विचारावें.

आमच्याच व्यवसायांतलें एक उदाहरण द्यावेंसें वाटतें. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं सेवेंत आलेल्या आम्हां प्राध्यापकांचें निवृत्तिवेतन मॅग्नेटोच्या जातीचें आहे: राज्याचें चक्र फिरत आहे तोंवर त्या त्या वर्षाच्या महसुलांतून तें मिळणार, कोठें सांठलेलें नाहीं. त्या तारखेनंतर आलेल्यांसाठीं जी योजना आली ती बॅटरीच्या जातीची: दरमहा कापून ठेवावयाचें, आणि अखेरीस पेटींत जें असेल त्यावर भागवावयाचें. २०२३ च्या मार्चमध्यें राज्यांतील कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठीं संपावर गेले, तेव्हां शिक्षकांच्या दालनांत दोन्ही बाजूंनीं बराच तावातावानें वाद झाला. ऐकतांना आम्हांस वाटे, मॅग्नेटो बरा कीं बॅटरी बरी, असा वाद चालला आहे. तारा कशा जोडल्या आहेत याची चौकशी कोणीच करीत नाहीं. आमचा उद्यांचा दिवा लागणार तो तरुणांनीं फिरविलेल्या चक्रावर. त्या तरुणांपैकीं कित्येक तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर शिकवीत आहेत. चक्र फिरविणाऱ्यालाच अशक्त ठेवून वर त्याच्याकडून प्रकाश मागणें, हें त्या खुंटीला उलटी तार लावण्यासारखेंच आहे, मग योजनेचें नांव कांहींहि असो.

मात्र यंत्रानें येथें आमचा नियम थोडा डळमळीत केला आहे, आणि तें लपविणें बरें नव्हे. क्षीण झालेले चुंबक पुन्हां सबळ करण्याचा उपाय काय? इंजिन न उतरवितां तो करतां येतो: अनेक बॅटऱ्या एकीला एक जोडून त्यांचा जोरदार प्रवाह त्याच खुंटीवाटे, त्याच वेटोळ्यांत, क्षणभर सोडावयाचा, तसें कांहीं वेळां करावयाचें. फरक एवढाच कीं, आधीं चक्र अचूक जागीं आणून प्रत्येक चुंबकाचे ध्रुव वेटोळ्यांसमोर योग्य तऱ्हेनें उभे करावे लागतात. तें होकायंत्र घेऊन पाहतात. तेव्हां सांठ्यानें उगमाकडे परत जाणें हें सर्वथा पाप नव्हे. न कळत, अखंड आणि कशाहि स्थितींत परत जाणें घातक. जाणून, मोजून, नीट जुळवून परत जाणें हें जीर्णोद्धाराचें काम. शिकून मोठा झालेला मुलगा गांवीं परत येतो, तेव्हां तो घर सावरतो किंवा घर विकतो. दोन्ही वेळीं तार तीच असते.

अशा जाणतेपणाची रोज कोणाकडून अपेक्षा करणार? म्हणून यंत्राला पहारेकरी बसवितात. फोर्डनें १९१९ पासून विजेचा स्टार्टर द्यावयास आरंभ केला, तेव्हां बॅटरी आली; परंतु ती भरण्याचें काम मॅग्नेटोवर न टाकतां निराळें जनित्र बसविलें, आणि त्यावर कट-आउट नांवाचा एक खटका ठेवला, जो जनित्र मंदावलें कीं वाट बंद करतो आणि बॅटरीची वीज मागें वाहूं देत नाहीं. आज त्याच कामासाठीं बोटाच्या पेराएवढा डायोड मिळतो. मॅग्नेटो आणि बॅटरी यांच्यामध्यें तो घातला म्हणजे दोन कामें होतात: उलटसुलट येणाऱ्या विजेपैकीं एकाच दिशेची वीज तो पुढें सोडतो, म्हणून बॅटरी भरते, आणि बॅटरींतली वीज तो मागें येऊं देत नाहीं, म्हणून चुंबक वांचतात. इंजिन वेगांत असतां मॅग्नेटोचा दाब पंचवीस-तीस व्होल्टपर्यंत चढतो. तेवढा सहा व्होल्टच्या पेटीवर आदळूं नये म्हणून वाटेंत एक साधा दिवा जोडतात. प्रवाह वाढला कीं त्या दिव्याची तार तापते, आणि तापली कीं तिचा अवरोध वाढतो. लोभाला असा एखादा दिवा जोडतां आला असता तर अर्थशास्त्र्यांचे बरेच ग्रंथ वांचले असते.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्या स्नेह्यांच्या घरांतूनच आला. त्यांचे वडील बंधु म्हणाले, "आजोबांनीं जी गाडी जशी ठेवली तशी ठेवणें आपलें काम. त्यांच्या वेळीं डायोड नव्हता." हा आक्षेप हंसण्यासारखा नाहीं. जुनी वस्तु जपणें म्हणजे तिच्यांतली माहिती जपणें; प्रत्येक सोयीस्कर बदलानें तें पुस्तक एकेक पान हरवतें. आपल्या सरकारनेंहि २०२१ मध्यें मोटारवाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तींत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा निराळा क्रमांक देण्याची सोय केली, आणि सांगाडा, वरचा सांटा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट घातली. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें जी ट्युरिनची सनद केली आहे, तिचाहि रोख असाच: बदल करावा लागलाच तर तो ओळखूं यावा आणि काढून टाकतां यावा.

या कसोटीवर आम्हांस डायोड निर्दोष वाटतो. तो कोठेंहि कापीत नाहीं, छिद्र पाडीत नाहीं. दोन तारा सोडविल्या कीं गाडी पूर्वस्थितीला येते. परंतु आमचें समर्थन तेवढ्यावर थांबत नाहीं. आजोबांच्या वेळीं जुन्या रस्त्यावर रात्रीं बैलगाड्या होत्या आणि त्यांच्या खालीं कंदील लोंबत असे. आज त्याच रस्त्यावर अवजड वाहनें धांवतात. आजोबांची गाडी 'तशीच' ठेवावयाची, तर त्यांचा रस्ताहि तसाच ठेवावा लागेल; तें कोणाच्या हातीं नाहीं. पूर्वजांशीं निष्ठा म्हणजे त्यांच्या वस्तूशीं निष्ठा, कीं त्या वस्तूच्या द्वारें ते परक्याशीं जसे वागत त्या वागण्याशीं? गाडीखालीं कंदील बांधणारा गाडीवान संग्रही नव्हता. तो रस्त्यावरच्या दुसऱ्याचा विचार करीत होता. आम्ही वडील बंधूंना हें बोलून दाखविलें. ते म्हणाले, "सर, तुमचें खरें असेल, पण एक दिवा झाला कीं उद्यां हॉर्न येईल, परवां पंखा येईल." या म्हणण्यांत सत्य आहे, आणि त्याला आमच्यापाशीं उत्तर म्हणून एवढेंच होतें, कीं पेटी लहान घ्या.

स्नेह्यांना खंत वाटली ती निराळीच. एक डायोड घातला म्हणजे मॅग्नेटोच्या विजेचा अर्धा भाग फुकट जातो, असें त्यांनीं कोठें तरी वाचलें होतें, आणि चार डायोड जोडून दोन्ही अर्धे पदरांत पाडून घ्यावे असा त्यांचा विचार चालला होता. तो या गाडींत सहज जमत नाहीं. वेटोळ्यांचें एक टोंक इंजिनाच्या लोखंडालाच जोडलेलें आहे, आणि बॅटरीचेंहि एक टोंक गाडीच्या सांगाड्याला. चार डायोड घालावयाचे तर बॅटरी सांगाड्यापासून अलग ठेवावी लागेल आणि प्रत्येक दिव्याला दुहेरी तार ओढावी लागेल. पण मुळांत फुकट कांहींच जात नाहीं. ज्या अर्ध्या भागांत डायोड वाट अडवितो, त्या भागांत बॅटरीकडे प्रवाह वाहत नाहीं. आणि प्रवाह नाहीं म्हणजे तेवढ्यापुरता चक्राला अडथळाहि नाहीं आणि पेट्रोलचा खर्चहि नाहीं. जें घेतलें नाहीं तें कोणाच्या अंगावर पडलेलें नसतें. हें त्यांना पटण्यास दोन रविवार लागले. शेवटीं त्यांनीं एकच डायोड आणि एक लहान पेटी बसवून मागच्या तांबड्या दिव्याला तार ओढून घेतली. पुढचे दिवे पूर्वीप्रमाणें मॅग्नेटोवरच आहेत, आणि बाजारांतून जातांना ते अजून मिणमिणतात.